दाराची खडखड



दहा मिनिटांत आपापल्या कामाबद्दल सांगायचं, असं संयोजकांनी बजावलंय. माझ्याआधी हृदयाच्या झडपांवर बोलून झालं, द्राक्षांच्या निर्यातीवर झालं. माझ्या वाट्याला उरलीय गाडीच्या दाराची कडी. हसा, हसा. पण तुमच्यातले निम्मेअधिक आज आपापली गाडी घेऊन आलेत, आणि येताना घाटात मागच्या दारातून कसला तरी आवाज येतोय म्हणून निदान चार घरांत तरी नवराबायकोंची चर्चा झाली असणार.

मी शिकले इंजिनिअरिंग, काम करते सॉफ्टवेअरचं, आणि गेली काही वर्षं ते सॉफ्टवेअर गाडीच्या दारात बसतं. दार उघडं आहे की बंद, कुलूप लागलं की नाही, आतला दिवा कधी विझवायचा, हे ठरवणारा एक छोटा कंट्रोलर असतो. त्याचा प्रोग्रॅम आमची टीम लिहिते. सासूबाई विचारतात, 'नक्की काय करतेस गं?' मी सांगते, 'दारं वाजू नयेत ते बघते.' त्यांना ते इंजिनिअरपेक्षा लवकर कळतं.

आधी ही कडी असते कशी ते सांगते. गाडीचं दार उघडून खांबाकडे बघा. तिथे वाकवलेली एक जाड सळई पक्की बसवलेली दिसेल. तो स्ट्रायकर. दाराच्या कडेला जी खाच असते तिच्या आत लॅच. लॅचमध्ये मुख्य भाग दोनच. खेकड्याच्या नांगीसारखी फिरणारी एक जाड चकती, तिला फोर्क बोल्ट म्हणतात, आणि तिला अडवून धरणारी छोटी आगळ, म्हणजे पॉल. दार लोटलं की स्ट्रायकर खाचेत शिरतो, चकतीला फिरवतो, आणि आगळ चकतीच्या दातात पडते. टक्. नीट ऐकलंत तर हे दोनदा होतं. पहिल्या दातात आगळ पडली की दार अर्धवट लागलेलं असतं. आपण म्हणतो ना, 'अगं, दार नीट लागलं नाही, परत लाव', ते तेच. दुसऱ्या दातात पडली की पूर्ण बंद.

हा पहिला दात काही उगाच ठेवलेला नाही. दार पूर्ण लागलं नाही तरी ते वळणावर भसकन उघडू नये, म्हणून तो कायद्यानेच लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाहनांचे जे जागतिक तांत्रिक नियम झाले, त्यातला अगदी पहिला नियम, २००४ सालचा, दारांच्या कड्यांबद्दलच आहे. पूर्ण लागलेल्या कडीने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटनचा ओढा सहन करायला हवा. म्हणजे अकराशे किलोहून जास्त वजन तिला टांगल्यासारखं. अर्धवट लागलेल्या कडीलासुद्धा ४,५०० न्यूटन पेलावे लागतात.

मग एवढी भक्कम वस्तू वाजते कशी? कारण तिच्यात फट ठेवावीच लागते. दार बिजागऱ्यांवर लटकलेलं, खांब पत्र्याचे तुकडे वेल्ड करून केलेला. दोन्हींची मापं प्रत्येक गाडीत केसभर इकडेतिकडे होणारच. कडी अगदी घट्ट केली तर काही गाड्यांचं दार लागणारच नाही, आणि लागलं तर आजोबांना उघडता येणार नाही. म्हणून थोडी मोकळीक. गॅरेजवाले तिला 'प्ले' म्हणतात. खड्ड्यातून जाताना गाडीचा सांगाडा किंचित पिळवटतो, स्ट्रायकर आणि लॅच एकमेकांच्या तुलनेत हलतात, आणि त्या फटीत लोखंडावर लोखंड आपटतं.

बाहेर-आत या दिशेला हा प्रश्न फारसा येत नाही. दाराभोवती जी रबरी बीडिंग असते ती दाबली गेलेली असते. ती दाराला सतत बाहेर ढकलते, त्यामुळे चकती स्ट्रायकरला चिकटून राहते. आपण ओढून बांधलेल्या दोरीवरचे कपडे कमी हलतात, तसंच काहीसं. पण वर-खाली या दिशेला बीडिंगची मदत जवळजवळ नसते. तिथे लॅचच्या तोंडाशी रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पाचरीसारखा तुकडा देतात. स्ट्रायकर आत येताना त्यावर चढतो आणि दाबून बसतो. शिवाय चकतीला बाहेरून प्लॅस्टिकचं जाड अस्तर चढवतात, म्हणजे आपटलं तरी 'टण्' न होता 'थप्' होतं. दार लावल्यावर येणाऱ्या ज्या भरीव आवाजावरून आपण 'गाडी मजबूत आहे' म्हणतो, त्यात या अस्तराचा मोठा वाटा आहे. माझ्या मते गाडीची मजबुती त्यावरून ठरवणं म्हणजे नारळ वाजवून खोबऱ्याची चव सांगणं, पण शोरूममध्ये सगळेच दार आपटून बघतात, मीही बघते.

दारातली प्रत्येक खडखड कडीचीच असते असंही नाही. हँडलपासून लॅचपर्यंत पूर्वी लोखंडी सळ्या जायच्या. त्यांच्या टोकाच्या नायलॉनच्या क्लिपा झिजल्या की त्या आतून पत्र्यावर खुळखुळतात. आता बऱ्याच गाड्यांत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते, ती शांत. वायरिंगचा जुडगा सैल असेल तर तोही वाजतो. आणि एकदा तर आम्ही दोन दिवस शोधत होतो तो आवाज दाराच्या कप्प्यात कुणीतरी विसरलेल्या पाच रुपयांच्या नाण्याचा निघाला.

हे आवाज आधीपण होतेच. आपण शाळेच्या सहलीला ज्या लाल एसटीने जायचो, तिच्या खिडक्यांच्या काचांच्या गजरात दाराची कडी वाजतेय हे ब्रह्मदेवालाही ऐकू आलं नसतं. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. इंजिनं शांत झाली तसे हे लहान आवाज वर आले, आणि विजेवरच्या गाडीत तर झाकायला इंजिनच नाही.

आता माझं काम. कान जे झटकन ओळखतो ते कॉम्प्युटरला ओळखायला लावणं सोपं नाही. दारावर कंपन मोजणारा सेन्सर लावला आणि सरासरी काढली तर वाजणारं दार आणि न वाजणारं दार जवळजवळ सारखंच दिसतं, कारण प्रत्येक टिचकी काही हजारांश सेकंदांची असते. गणिताच्या सरांना आठवत असेल, आपल्या वर्गाची सरासरी चांगली यायची आणि तरी मागच्या बाकावरचे दोघं नापास व्हायचे. सरासरीत ते दिसायचे नाहीत. म्हणून आम्ही कर्टोसिस नावाचं माप वापरतो. प्रत्येक नोंद सरासरीपासून किती दूर आहे, त्याचा चौथा घात घ्यायचा. जवळच्या नोंदी त्यात किरकोळ राहतात, लांब उडालेले टोकदार ठोके प्रचंड मोठे होतात. साध्या, नैसर्गिक गोंगाटाला हे माप ३च्या आसपास येतं. दार वाजायला लागलं की ते झपाट्याने वर जातं. सर, तुम्ही घातांक शिकवताना 'याचा उपयोग काय' असं विचारणारी मीच होते. उत्तर मिळालं, थोडं उशिरा.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. कंपनीचं नाव विचारू नका.

एका नव्या गाडीची चाचणी चालू होती. खडबडीत पट्ट्यावर गाडी घातली की 'दार उघडं आहे'चा लाल दिवा लुकलुकायचा. दारं सगळी बंद. लॅचमध्ये एक छोटा स्विच असतो, चकती पूर्ण फिरली की तो दाबला जातो आणि आमच्या प्रोग्रॅमला कळतं. स्विच क्षणभर थरथरतो हे आम्ही धरूनच चालतो, म्हणून काही मिलिसेकंद थांबून मगच विश्वास ठेवायचा असा नियम प्रोग्रॅममध्ये असतो. बैठकीत ठरलं की सॉफ्टवेअरने हा थांबा वाढवून दोन सेकंद करावा. दिवा लुकलुकणार नाही, गाडी वेळेत बाजारात जाईल, खर्च शून्य. माझ्यासमोर एकाच ओळीत एकच आकडा बदलायचा होता.

मी म्हटलं, एक दिवस द्या. स्विचची नोंद आणि कंपनाची नोंद एकाखाली एक मांडली. दिव्याची प्रत्येक लुकलुक दारावरच्या एका टोकदार ठोक्याशी जुळत होती. म्हणजे स्विच खोटं बोलत नव्हता. चकती खरोखरच हलत होती, आणि तीच वाजतही होती. थांबा वाढवला असता तर दिवा गप्प झाला असता, हालचाल तशीच राहिली असती. आणि उद्या खरंच दार पहिल्या दातावर घसरलं, मागे एखादं पोर दाराला टेकून बसलेलं असलं, तर सूचना दोन सेकंद उशिरा. साठच्या वेगात दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते.

बैठकीत आवाज चढले. 'सॉफ्टवेअरवाल्यांनी मेकॅनिकल शिकवू नये' हेही ऐकलं. कोंडी फोडली ती आमच्या चाचणी विभागातल्या जुन्या फिटरने. त्यांनी खिशातून इलेक्ट्रिशियनची काळी टेप काढली, स्ट्रायकरला दोन वेढे घट्ट मारले आणि म्हणाले, 'चला मॅडम, बसा.' तोच पट्टा, तोच वेग. खडखड गेली. दिवाही गेला. पाव मिलिमीटरच्या टेपने फट भरली होती. माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा साहेबांना ती टेप पटली.

पुढे मूळ सापडलं. गाडीचं दार हलक्या हाताने लागावं म्हणून मध्येच कधीतरी बीडिंग मऊ केली होती. दार छान लागायला लागलं, पण चकतीला स्ट्रायकरवर दाबून धरणारा जोर त्याबरोबर कमी झाला. मग स्ट्रायकर अर्धा मिलिमीटर आत सरकवला, लॅचमध्ये रबराचा एक टेकू वाढवला. दार लावायला आधीपेक्षा किंचित जास्त जोर लागतो, यावरूनही नंतर वाद झालाच. गाडी पाच आठवडे उशिरा निघाली. माझ्या प्रोग्रॅममधला आकडा होता तोच राहिला. त्या वर्षी मला बढती मिळाली नाही. दोन्हींचा संबंध होता का, ते साहेबच जाणोत.

तुमच्या गाडीचं दार वाजत असेल तर तुम्हीही हा टेपचा प्रयोग करा. पण फक्त तपासण्यापुरता, नंतर टेप काढून टाका. फाटून लॅचमध्ये अडकली तर दार उघडणार नाही. आवाज गेला तर दोष कडीचा, मग गॅरेजमध्ये स्ट्रायकर जुळवून घ्या. नाही गेला तर दाराच्या आत शोधा, आणि आधी कप्प्यातली नाणी. कडीत घरातलं तेल ओतू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसून त्याचा पॉलिशपेपर होतो. जुनं वंगण पुसून पातळसं ग्रीस लावलं तरी पुरतं. आणि सगळ्या काचा बंद असताना दार लागायला जड जातं ते कडीमुळे नव्हे, आत कोंडलेल्या हवेमुळे. एक काच दोन बोटं खाली करून बघा.

बाई, तुमच्या गाडीचं मागचं डावं दार वाजतं असं तुम्ही सकाळी म्हणालात. टेप आणलीय मी. जेवण झालं की खाली जाऊन बघू.