पोर्टलवर नंबर कुणाचा?

आटपाडी, खरसुंडी, दिघंची, झरे, करगणी या भागातल्या दुकानदारांशी, डाळिंबवाल्यांशी आणि परराज्यात गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवणाऱ्या आपल्या माणसांच्या घरच्यांशी आज बोलायचं आहे. विषय दिलाय, धंद्यासाठी हिशेब बघणारा किंवा सल्ला देणारा माणूस कसा निवडावा. मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न आधीच विचारते. तुमच्या जीएसटीच्या आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मोबाईल नंबर कुणाचा आहे?

माझी नोकरी बँकेत कर्जाच्या फायली बघण्यात गेली. टेबलासमोर बसलेल्या माणसाला मी हे हमखास विचारायची. उत्तर यायचं, "म्याडम, त्यो टॅक्सवाल्याच्या हापिसातल्या पोराचा आसंल की." खतांच्या एका दुकानदाराची कॅश क्रेडिट नूतनीकरणाला आली होती. रिटर्न उघडून दाखवा म्हटलं, तर ओटीपी गेला भलत्याच फोनवर आणि तो फोन कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं तेव्हा आत दोन नोटिसा पडलेल्या, उत्तराची मुदत कधीच उलटून गेलेली. उधारीचा एकेक रुपया लक्षात ठेवणारा माणूस, पण स्वतःच्या नावाची नोटीस त्याला ठाऊक नव्हती. नोटीस पोर्टलवर टाकली किंवा नोंदवलेल्या ईमेलवर पाठवली, की जीएसटी कायद्यानुसार ती बजावलेली धरतात. मला कळलंच नाही, हे मग कुणी ऐकून घेत नाही.

आता मला सांगा, शनिवारच्या बाजारात तुम्ही शेळी कशी घेता? जबडा उघडून दात बघता, पाठीवरून हात फिरवता, चार पावलं चालवून बघता, कास बघता, कुणाच्या कळपातली ते विचारता. आणि वर्षभराचा हिशेब ज्याच्या हाती द्यायचा तो माणूस मात्र मेव्हण्याच्या एका शब्दावर ठरवता! बरं, पारखून घेतलेली शेळी कुणी विकणाऱ्याच्याच दावणीला ठेवून येतं का? पैसे तुम्ही मोजलेत, दावं तुमच्या हातात हवं. पोर्टलवरचा नंबर म्हणजे ते दावं.

मग पारखायचं काय? आधी विचारा, तुम्ही सीए आहात की कर सल्लागार. दोघंही उपयोगी आहेत. किराणा दुकानाची साधी रिटर्न चांगला कर सल्लागार नीट भरतो. पण टॅक्स ऑडिटवर सही चालते ती सीएचीच. आणि 2019 पासून सीएच्या सहीच्या दाखल्यावर, ऑडिट रिपोर्टवर 18 अक्षर-आकड्यांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक असावा लागतो. तो सीए संस्थेच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. तपासत जा, त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरं, पहिल्या भेटीत तो तुम्हाला प्रश्न विचारतो का? डाळिंबाच्या पट्ट्या कुठल्या आडतीवरच्या, रोखीत किती येतं, उधारी किती अडकलीय, घरखर्च कुठल्या खात्यातून जातो? काही न विचारता "कागदं ठेवून जा" म्हणणाऱ्याकडे कागद ठेवू नका. आणि सही करण्याआधी आकडे मराठीत समजावून घ्या. समजेपर्यंत विचारा, तो तुमचा हक्क आहे.

सल्लागारांचं वेगळं. मॅनेजमेंट कन्सल्टंट अशी पाटी लावायला कुठला परवाना लागत नाही. "सबसिडी मंजूर करून देतो, एवढे टक्के द्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिलाही लोक पैसे मोजतात याचं मला फार वाईट वाटतं. आधी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनो, तुमच्यासाठी खरं तर अख्खं भाषण लागेल. उलाढाल शून्य असली तरी कंपनीचं ऑडिट चुकत नाही, आणि ताळेबंद व वार्षिक विवरण भरायला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये चढतात. तुमच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह सल्लागाराच्या खणात पडलेला असतो. सहीची चावी स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सही असणाऱ्यावर टाकली आहे. तुमच्या सहीने काय काय भरलं गेलं... असो, घड्याळ पुढे पळतंय.

गलाईवाल्यांसाठी एवढंच. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. दुकान ज्या राज्यात, तिथलाच माणूस धरा, तिथल्या कार्यालयात उभं राहायला तोच उपयोगी. पण ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे. मी पुन्हा पुन्हा तेच सांगतेय, कारण बाकीचं विसरलात तरी चालेल.

दोन्ही पोर्टलवर नंबर आणि ईमेल बदलता येतो. तुमच्या सल्लागाराकडे जा, त्याच्याच समोर बसून नंबर बदलून घ्या आणि सहीचा पेनड्राइव्ह घरी आणा. चांगला सल्लागार याला नाही म्हणणार नाही. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून त्याच दिवशी सगळी कागदपत्रं परत मागून घ्या.