सौर संचाची बॅटरी जपा



फर्दापूर परिसरात शेतवस्तीवर सौर पॅनल, बॅटरी व इन्व्हर्टर बसविताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जादा पाण्याने पिकाची मुळे कुजतात, तसेच जादा चार्जिंगने बॅटरी खराब होते. भरलेल्या बॅटरीत वीज जात राहिली, तर आतील पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी, चुलीपासून दूर ठेवावी.

पॅनल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी साधारणपणे १४.४ व्होल्टपर्यंत भरून पुढे १३.५ ते १३.८ व्होल्टवर राखावी. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. कडक उन्हाळ्यात ही मर्यादा थोडी खाली आणावी लागते. कंट्रोलर फक्त पॅनलची वीज रोखतो. म्हणून इन्व्हर्टरच्या चार्जरची मर्यादाही तपासून घ्यावी. दरमहा पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी किंवा ॲसिड घालू नये.

माझ्या घरची पहिली बॅटरी याच दुर्लक्षामुळे दोन उन्हाळ्यांत गेली. आपली वाचावी, एवढ्यासाठीच हे सांगितले.