नोकरी मिळाली, खोली मिळाली नाही
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२०१७ च्या जूनमध्ये कोची मेट्रो सुरू झाली, तेव्हा कुडुंबश्री या महिलांच्या बचतगट-योजनेमार्फत वीसहून अधिक पारलिंगी व्यक्तींना तिकीट-खिडकीपासून साफसफाईपर्यंतची कामे देण्यात आली. देशभर कौतुक झाले, ते रास्तही होते. पण काही आठवड्यांतच त्यांपैकी आठ जणांनी काम सोडले. शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना, आणि लॉजचे रोजचे भाडे भरल्यावर पगारातून उरणार ते काय? रात्री पाठ कोठे टेकावी या विवंचनेत जो सकाळी कामावर उभा राहतो, त्याच्या मनाची अवस्था ओळखण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

पारलिंगी असणे हा मनोविकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणातून तो शिक्का पुसला गेला आहे. नैराश्य येते ते घरच्यांनी बाहेर काढल्यामुळे, मुकादमाच्या शेऱ्यांमुळे, कोणत्या शौचालयात जावे हे न कळून पाळीभर लघवी रोखून धरल्यामुळे. अशा कामगाराला शौचालय न देता समुपदेशनाचा सल्ला देणारे व्यवस्थापन उदार नव्हे, निर्लज्ज होय.

२०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई केली व प्रत्येक आस्थापनेत तक्रार-अधिकारी नेमण्यास सांगितले. हा अधिकारी नेमणार मालकच! आणि खुद्द महाराष्ट्र सरकारच्या पोलीस-भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष असे दोनच रकाने होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावले, तेव्हा कोठे सरकार तिसऱ्या रकान्यास राजी झाले.

जे काम कामगार संघटनांचे, ते असे न्यायालयांवर पडले आहे. मागण्यांच्या सनदेत बोनस आणि महागाई भत्त्याच्या शेजारी स्वतंत्र स्वच्छतागृह व हजेरीपटावर बदललेल्या नावाची नोंद ही कलमे घालण्यास संघटनांना कोणी अडविले आहे?

राहता राहिली खोली. कोकणातून, घाटावरून एकटे आलेल्या गिरणी कामगारांपैकी बहुतेकांना गिरणगावात मालकांनी निवारा दिला नाही. गाववाल्यांनीच वर्गणीतून खोल्या घेतल्या आणि पाळीपाळीने त्यांत पथाऱ्या टाकल्या. आज पक्षाचे कित्येक कार्यकर्ते गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. पारलिंगी भाडेकरूचा अर्ज पुढच्या सभेत त्यांच्याच पुढ्यात येईल.