इंग्लंडमधला हिवाळा आणि दवाखान्यांची दमछाक

डिसेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत खाटांची ओढाताण सुरू होते. फ्लूची साथ असते, तान्ह्या बाळांची छाती भरवणारा आरएसव्ही असतो. त्यात नोरोव्हायरसने उलट्या-जुलाब पसरले, तर अख्खा वॉर्ड नव्या रुग्णांसाठी बंद करावा लागतो.

जानेवारी २०१८ मध्ये हा ताण इतका वाढला, की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया महिनाअखेरपर्यंत लांबणीवर टाकायला सांगण्यात आलं. कितीतरी गुडघे आणि मोतीबिंदू ताटकळले.

खरी कोंडी मात्र बाहेर पडण्याच्या दारापाशी होते. एखाद्या आजी बऱ्या होतात, पण घरी त्यांना आंघोळ घालायला, औषध द्यायला कुणी नसतं. स्थानिक पालिकेकडून मदतनिसाची सोय होईपर्यंत त्यांची खाट अडून राहते. मग आपत्कालीन विभागातला रुग्ण वर वॉर्डात जाऊ शकत नाही आणि बाहेर रुग्णवाहिकांची रांग लागते. म्हणून केवळ खाटा वाढवून भागत नाही. घरपोच देखभालीची माणसं वाढवायलाच हवीत.

गर्दी दारातच कमी करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पासष्टीपुढच्यांना फ्लूची लस मोफत मिळते. १११ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, नागीण अशा सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातला प्रशिक्षित फार्मासिस्टच उपचार देऊ शकतो. गरज असेल तर प्रतिजैविकंसुद्धा. त्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यावी लागत नाही.