धान्यदेवीचा संप



ग्रीस देशात अथेन्सजवळ एल्युसिस हे गाव आहे. तिथे डिमिटर या धान्यदेवीचे मोठे देऊळ होते; अवशेष आजही आहेत. कथा अशी, की तिच्या लेकीला पाताळाच्या राजाने पळवून नेले. देवांचा राजा झ्यूस याची त्याला संमती होती. आईला कुणी विचारलेसुद्धा नाही.

देवीने शस्त्र उचलले नाही. तिने बी जमिनीत दडवून ठेवले. बैलांनी नांगर ओढले, पण पेरलेले उगवेना. माणसांची उपासमार झाली, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ आली, तेव्हा कुठे झ्यूस नमला. लेक परत आली. पण पाताळातला डाळिंबाचा दाणा तिने खाल्ला होता, म्हणून वर्षाचे चार महिने तिला तिथेच काढावे लागतात.

आपला बळीराजाही पाताळातच धाडला गेला. पाडव्याला आपण त्याची आठवण काढतो.

आम्ही यातून दोन गोष्टी घेतो. बी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे देवांचा राजाही वाकतो. पण त्या भांडणात भुकेचा पहिला मार बसला तो माणसांना, देवांना नव्हे. म्हणून बी रोखायची भाषा करण्याआधी आपापल्या कणगीत ज्वारी किती आहे, ते पाहू.