पातेल्यातील पांढरा थर



आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या पोटात काळा पाषाण आहे. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळवून आणते. पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. उकळले की वायू निघून जातो, कॅल्शियम कार्बोनेट पातेल्याला चिकटते. लिंबू पिळा, बुडबुडे येऊन थर सुटेल. हे विष नव्हे. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्यात सुनेचा काय दोष?

परंतु उकळल्याने नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. पाणी आटले की प्रमाण वाढतेच. बोअरचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे नायट्रेट ४५ व फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. तान्ह्या बाळाच्या बाटलीला तर नायट्रेटचे पाणी नकोच.