मोटारीच्या अंगावरचे ओरखडे
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. लोणची, भरतकाम, बालसंगोपन सोडून ही बाई मोटारीच्या रंगावर काय बोलणार! परंतु आज विट्यात पुष्कळ दारांपुढे मोटार उभी असते, आणि ती पुसण्याचे काम बहुधा घरातल्या बाईकडे नाहीतर शाळकरी मुलाकडे असते. रंगावर रेघा दिसल्या की बोल लागतो तोही त्याच हाताला. तेव्हा त्या रेघा येतात कशा आणि जातात कशा, हे त्या हाताला ठाऊक असावे, एवढाच माझा हेतू.

प्रथम रंग केवढा जाड असतो ते पाहू. पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण एका कागदाएवढी जाडी भरते. सर्वांत वरचा थर बिनरंगी व पारदर्शक असतो. तो त्या कागदाच्या निम्म्याहून फारसा अधिक नसतो. चकाकी सारी त्याची. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा पुसून टाकणे नव्हे. ओरखड्याभोवतालचा थर घासून त्याच्या पातळीला आणणे होय. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्या घरांतील भगिनींना हे समजावून सांगायला नको. दागिना घासून उजळला की सोने थोडे तरी झिजते, म्हणून सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा जपून ठेवतात. मोटारीच्या रंगाचा केर मात्र परत मिळत नाही.

आता डागांचे प्रकार. पहिला पाण्याचा. आपला खानापूर तालुका कमी पावसाचा. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते उन्हात पत्र्यावर सुकले की त्यातला क्षार पांढऱ्या ठिपक्यांनी मागे राहतो, जसा पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी बसतो. डाग ताजा असेल तर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून, सावलीत, ओल्या फडक्याने मिनिटभर लावावे व लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डाग जुना होऊन थरात उतरला असेल तर तो पॉलिशनेच जाईल.

दुसरा प्रकार कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघांचा. स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतात ना? तेच हे. वास्तविक रेघा सर्व दिशांनी असतात. ज्यांवर उजेड आडवा पडतो तेवढ्याच चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. यांचे कारण कोरडे फडके. रस्त्यावरच्या धुळीतले दगडी कण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि कोरड्या फडक्याने आपण तेच कण रंगावर फिरवतो. म्हणजे दोष हाताचा नव्हे, धुळीचा.

तिसरा प्रकार खोल ओरखड्याचा. त्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर पॉलिशचा नाद सोडावा. घासून घासून भोवतालचा रंग मात्र जाईल. पत्रा दिसत असेल तर त्या रंगाची बाटली आणून बारीक ब्रशने तेवढी रेघ भरून घ्यावी. पावसाळ्यापूर्वी हे झाले नाही तर तेथे गंज धरतो.

नख अडकत नसेल तर पॉलिश घरीही करता येते. जागा स्वच्छ धुऊन सुकवावी. सर्वांत बारीक जातीचे पॉलिश मऊ फडक्यावर थोडेसे घेऊन, तळहाताएवढ्या जागेत हलक्या हाताने फिरवावे, पुसावे आणि पाहावे. पुरेसे झाले की थांबावे, व वर मेणाचा हात द्यावा. टूथपेस्ट लावण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. ती दातांसाठी केलेली असते, तिने रंग धुरकट होण्याचा संभव असतो. भांड्यांची घासणी तर मोटारीजवळ आणूच नये.

दुकानात पॉलिश करून घेतलेत तर एक लक्षात ठेवा. काही पॉलिशांतील तेल-मेण रेघांत भरून बसते. गाडी नवी दिसते आणि दोन-चार धुण्यांत रेघा पुन्हा वर येतात. यासाठी पैसे देण्यापूर्वी कोणते काम केले ते स्पष्ट विचारावे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रेघ पडूच न देणे. नळी लावून पाणी वाहवण्याची गरज नाही. आपल्याकडे पाण्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे. गाडी सावलीत घ्यावी. प्रथम वरून खाली पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा साबण, दुसरीत साधे पाणी. फडके दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावे. हात सरळ रेषेत फिरवावा, चाके शेवटी धुवावीत, आणि ठिपके धरण्यापूर्वी मऊ कापडाने टिपून घ्यावे. यंत्रमागांच्या या गावात कापडाला तोटा नाही. परंतु जरीचा काठ, बटण किंवा जाड शिवण असलेले जुने कापड यासाठी घेऊ नये.

दिवाळीला दूरदूरच्या गाड्या गावी येतील आणि पुष्कळजण त्यांना नव्यासारखे करायला निघतील. त्या वेळी गाडी आधी उन्हात उभी करून नीट पाहा, आणि जरूर असेल तेवढेच घासू द्या. धुणारा मुलगा असेल तर रागावण्याऐवजी त्याच्या हाती दुसरी बादली द्या.